आधी काय दळलं होतं

"चूक यंत्राची नाही, माणसाची आहे," राजहंस सर म्हणाले, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कुंदाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाहत होते ते चांदवडकर साहेबांकडे, बोलत होते तेही त्यांच्याशीच. जिच्या पोटावर पाय द्यायचं चाललं होतं ती जणू खोलीत नव्हतीच.

टेबलावर पारदर्शक फोल्डरमध्ये एक पत्र पडलं होतं. त्यात काय लिहिलंय ते आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. 'कामातील गंभीर निष्काळजीपणामुळे आपली सेवा आजपासून संपुष्टात येत आहे.' राजहंस सर ते छापून घेऊनच आले होते. साहेबांची सही तेवढी बाकी होती.

"कुंदा, तुला काही बोलायचंय?" साहेबांनी विचारलं.

कुंदाने नुसती मान हलवली.

"मला बोलायचंय," मी म्हणाले.

"विद्या, तुझा यात काही संबंध नाही," राजहंस सर म्हणाले.

"भाषा मी सांभाळते सर. चूक त्या भाषेत लिहिली गेली. मग संबंध कसा नाही?"

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. मी निवृत्त झाले, रागाच्या गोळ्या नसतात म्हणून रक्तदाबाच्या घेते. पण 'निष्काळजीपणा' हा शब्द कुठेही छापलेला दिसला, अगदी बँकेच्या पाटीवर दिसला, तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

आमची कंपनी नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत होती. आजाऱ्याच्या शिरेत औषध हळूहळू सोडणारे पंप आम्ही बनवायचो. एवढीशी पेटी, तिला आडवी लावलेली सिरिंज, आणि सिरिंजचा दट्ट्या किती ढकलायचा ते ठरवणारा आतला छोटा संगणक. त्या संगणकाला आज्ञा देण्यासाठी कंपनीने स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा तयार केली होती. तिचं नाव नाडी.

चांदवडकर साहेब म्हणजे कंपनीचे मालक. लेथवर पंपांचे सुटे भाग घडवण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती, आणि इंग्रजी काही त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं. त्यांचा हट्ट असा, की नाडीने चूक दाखवली तर ती मराठीत दाखवायची आणि माणसासारखी दाखवायची. त्यातून एक रीत पडली. भाषेत जो कुणी नवा नियम घालेल, तो नियम मोडल्यावर पडद्यावर काय संदेश यावा तेही त्यानेच लिहायचं. मग कुणी कंस बंद करायला विसरलं की यायचं, 'दार उघडलंत, आता लावायचं कुणी?' नाव न सांगितलेली वस्तू वापरली की, 'हे कोण पाहुणे? आमची ओळख नाही.' कुंदा हे संदेश वाचून खुदकन हसायची आणि मग शेजारच्यालाही वाचून दाखवायची.

दुसरी रीत फळ्याची. भाषेतला कुठलाही बदल, अगदी संदेशाची एक ओळसुद्धा, कॅन्टीनच्या वाटेवरच्या पांढऱ्या फळ्यावर आठवडाभर लिहून ठेवायची. कुणाला पटलं नाही तर त्याने लाल पेनाने 'हरकत' लिहायचं, कारण लिहायचं आणि खाली सही ठोकायची. सहीशिवाय हरकत नाही. आणि आठवडाभरात हरकत आली नाही तर बदल आत. हीही रीत साहेबांचीच, आणि ती त्यांनी स्वतःसुद्धा कधी मोडली नव्हती.

मुकुंद राजहंस आमचे मुख्य. नाडीचा पाया त्यांनीच घातलेला. माणूस हुशार होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हुशारीबरोबर नाकाने कांदे सोलायची सवयही भरपूर होती.

आणि कुंदा देवरे, सटाण्याची. माझ्याहून लहान, मला ताई म्हणायची. पंपातला डोसाचा भाग ती लिहायची. गॅसचं बटण तीनतीनदा बघून घराबाहेर पडणारी बाई, त्यामुळे रोज कामावर पोचायला उशीर आणि त्या उशिराबद्दल रोज बोलणी. कंपनीतलं सगळ्यात काळजीखोर माणूस कोण, असं विचारलं असतं तर गेटवरच्या वॉचमननेसुद्धा तिचंच नाव घेतलं असतं. आणि निष्काळजीपणाच्या पत्रावरही नाव तिचंच.

झालं होतं असं. शनिवारी राजहंस सर नवा पंप आपल्या गाडीत घालून शहरातल्या एका हॉस्पिटलात दाखवायला गेले. सिरिंजमध्ये औषधाऐवजी पाणी, नळीचं टोक स्टीलच्या ट्रेमध्ये, भोवती डॉक्टर आणि नर्स. पंप चालू केला आणि थेंब थेंब पडायचं सोडून दट्ट्या सरळ टोकापर्यंत गेला. सिरिंज रिकामी, ट्रेमध्ये तळं. मोठे डॉक्टर म्हणाले, "हा ट्रे नसून पेशंट असता तर?" आणि पंप परत पाठवला. सोमवारी सकाळी राजहंस सरांनी चूक जिथे होती ती जागा शोधून काढली: पहिला डोस आणि पुढचा प्रवाह यांची बेरीज करणारी एक ओळ. ती ओळ कुंदाची होती. झालं, पत्र छापायला एवढं पुरलं.

असं पत्र म्हणजे नुसती नोकरी जाणं नव्हे. नाशिकमध्ये आमच्या धंद्यातल्या कंपन्या होत्या किती? सगळे एकमेकांना ओळखणारे. औषधाच्या पंपात निष्काळजीपणा केलेल्या बाईला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

"साहेब, मला जेवणाच्या सुट्टीनंतरपर्यंत वेळ द्या," मी म्हणाले. "तोवर सही करू नका."

"हॉस्पिटलला आज या पत्राची प्रत पाठवायचीय," राजहंस सर म्हणाले. "आणि तासाभरात काय निराळं दिसणार आहे?"

"ते तासाभराने सांगते."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "जेवून या सगळे. मग बसू."

कुंदा माझ्यामागून माझ्या टेबलापाशी आली. डबा दोघींनीही उघडला नाही.

"ताई, सही करून टाकू द्या त्यांना," ती म्हणाली. "मला आता नाही ऐकवत."

"का? तू केलंयस का काही?"

"मला खरंच कळंना झालंय. शुक्रवारपर्यंत सगळं बरोबर चालत होतं. मी स्वतः पाण्यावर चालवून बघितलं होतं. पण ओळ तर माझीच आहे ना."

"ओळ तुझी आहे. चूक कुणाची आहे ते बघू."

"त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, ताई. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं."

मी संगणकावर माझं एक जुनं काम शोधत होते. ते काय, हे सांगायला थोडं मागे जायला हवं.

बेरजा करायला नाडीत 'एकूण' नावाचं एक फंक्शन होतं, राजहंस सरांनी लिहिलेलं. आमच्या धंद्यात अशा फंक्शनला जेनेरिक म्हणतात. एकदाच लिहायचं आणि कशालाही वापरायचं: मिलिलिटरना, मिलिग्रॅमना, मिनिटांना. त्याला अट एकच घातलेली, की आत येणारी गोष्ट मोजता येण्याजोगी हवी. म्हणजे चुकून पेशंटचं नाव कुणी बेरजेत घातलं तर नाडी अडवायची. पण मिलिग्रॅमही मोजता येतात आणि मिलिलिटरही मोजता येतात. ते दोन्ही एकाच बेरजेत आले तर नाडी मूग गिळून गप्प. प्रत्येकाला वेगवेगळं विचारायची सोय होती, दोघांचं एकमेकांशी जमतं का हे विचारायची नव्हती.

दहा महिन्यांपूर्वी कॅन्टीनमध्ये मी हे कुंदाला समजावत होते. तिने पाव चहात बुडवला आणि म्हणाली, "गिरणीसारखंच झालं की, ताई. गहू दळता येतो, राजगिराही दळता येतो. म्हणून काय गव्हावर उपासाचं दळण टाकतं का कुणी? आमची आई डबा खाली ठेवायच्या आधी विचारायची, आधी काय दळलं होतं?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढी सोपी गोष्ट मला चार कागद भरून सांगता येत नव्हती. त्याच दुपारी मी कामाला लागले. नाडीतल्या अटी वाढवायच्या, म्हणजे 'एकूण'च्या आत दोन गोष्टी आल्या तर 'दोन्ही मोजता येतात ना' एवढ्यावर थांबायचं नाही, 'दोघांचं माप एकच आहे ना' हेही विचारायचं. नसेल तर प्रोग्राम पुढे जाऊच द्यायचा नाही. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. दोन महिने मी त्यावर डोकं फोडलं. झालं तेव्हा फळ्यावर लिहिलं. आठवडा संपत आला आणि खाली लाल अक्षरं उमटली.

'हरकत. नाडी प्रोग्रामरवर विश्वास ठेवते. मु. राजहंस.'

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले होते. "सर, उद्या कुणाच्या हातून मापांची गल्लत झाली तर?"

"होणार नाही. इथे इंजिनिअर काम करतात, विद्या. मोठ्या माणसांना बोट धरून चालवायचं नसतं. आणि तुझी अट घातली तर निम्मा जुना कोड अडेल. तो कोण दुरुस्त करत बसणार?"

जुना कोड बहुतेक त्यांचाच होता. पण विश्वासाच्या गोष्टीला विरोध कसा करायचा? मी फळा पुसला. संगणकातलं काम मात्र पुसलं नाही.

तेच आता मी उघडलं, पंपाचा सगळा प्रोग्राम त्यावर घातला आणि चालवला. आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. पहिलीच ओळ अडकली.

"माझीच," कुंदा म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले. "बघा, पहिली माझीच आली."

"डोळे उघड आणि पुढचं वाच."

माझ्या नव्या अटीत एक सोय होती. मापं जुळली नाहीत तर ती मापं कुठून आली तेही नाडी सांगायची. कुंदाने हळूहळू वाचलं. प्रवाह मिलिलिटरमध्ये, कुंदाच्या फाइलमधून. पहिला डोस मिलिग्रॅममध्ये, औषधांच्या तक्त्यातून.

"तक्ता तर मिलिलिटर द्यायचा," ती म्हणाली. "पहिल्यापासून मिलिलिटरच देतो."

"तक्ता कुणाकडे आहे?"

दोघींनाही माहीत होतं. मी तक्ता उघडला. शुक्रवारी संध्याकाळी, आम्ही सगळे घरी गेल्यावर, राजहंस सरांनी त्यातली सगळी मापं मिलिलिटरची मिलिग्रॅम केली होती. त्या औषधाचे पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पाच मिलिलिटर. तक्त्याने पन्नास दिले, 'एकूण'ने काही न विचारता ते बेरजेत घेतले, पंपाने ते पन्नास मिलिलिटर समजून ढकलले. आणि शनिवारी सकाळी तो पंप गाडीत बसून हॉस्पिटलात गेला.

मी खाली सरकवत गेले. कुंदाच्या ओळीनंतर आणखी कितीतरी ओळी अडकल्या होत्या. चार माझ्या. बऱ्याच इतरांच्या. सर्वांत जास्त राजहंस सरांच्या. कुंदाच्या जागी आमच्यापैकी कुणीही खड्ड्यात गेलं असतं. तिचा नंबर आधी लागला इतकंच.

कुंदा रडली नाही. तिने डबा उघडला, एक पोळी माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "खा, ताई. उपाशीपोटी भांडू नये."

दुपारी पुन्हा तीच खोली, तेच चौघे. मी संगणक साहेबांसमोर ठेवला आणि सांगायला लागले, पण मला राग आला की माझं बोलणं पुढे पळतं आणि अर्थ मागे राहतो. साहेबांनी हात वर केला.

"मला कळेल असं सांग."

तेव्हा कुंदा बोलली. त्या खोलीतलं तिचं पहिलं वाक्य. "साहेब, गिरणीत गहू दळून झाला आणि त्यावरच कुणी उपासाचं दळण टाकलं, तर उपास मोडला ना? दोन्ही धान्यं चांगलीच. दळणाऱ्या बाईलाही माहीत नाही. गिरणीने विचारायला पाहिजे होतं, आधी काय दळलं होतं. आपली गिरणी विचारत नाही. विद्याताईंनी विचारणारी केली होती."

साहेबांनी चष्मा काढला. "मग ती आपल्याकडे का नाही?"

"तो एक तात्त्विक मुद्दा होता, साहेब," राजहंस सर म्हणाले. "फळ्यावर रीतसर चर्चा झाली होती."

"चर्चा नाही, हरकत झाली होती," मी म्हणाले.

साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा तक्ता शुक्रवारी बदलला?"

"ती सुधारणा होती. डॉक्टर मिलिग्रॅममध्येच बोलतात."

"कुंदाला सांगितलं होतंत?"

"प्रत्येकाने कोड वाचत राहावं अशी अपेक्षा असते, साहेब."

"कधी वाचू, सर?" कुंदा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर बदललंत. शनिवारी उजाडता पंप तुमच्या गाडीत होता."

राजहंस सरांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. आणि ते काय म्हणाले? म्हणाले, "शेवटी ओळ तुमची होती, मॅडम. आपल्या ओळीत काय येतंय ते बघणं ही आपली जबाबदारी असते."

माझा तोल गेला तो इथे. इतक्या वर्षांत मी ते बोलणं मनातल्या मनात पुष्कळदा सुधारून पाहिलंय, पण तेव्हा जे तोंडून गेलं तेच बरं होतं.

"सर, तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं, नाडी प्रोग्रामरवर विश्वास ठेवते. मग आज कुठे गेला तो विश्वास? आठ महिने विश्वास होता आणि एका सोमवारी संपला? विहिरीला कठडा नको, कारण आपली माणसं शहाणी आहेत. आणि कुणी पडलं की वरून विचारायचं, डोळे फुटले होते का? हा विश्वास नाही, सर. कठडा बांधायचे कष्ट तुम्हाला नको होते. आणि पडणाऱ्याच्या माथी मारायची सोय मात्र हवी होती. विश्वास असता तर सकाळी पत्र छापून आणण्याआधी एकदा हिच्याकडे जाऊन विचारलं असतंत, कुंदा, काय झालं गं?"

खाली असेंब्लीच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर चालू झाला, बंद झाला.

"अट आजपासून घाला," साहेब शेवटी म्हणाले. "हरकत मी काढली."

"ठीक आहे," राजहंस सर म्हणाले.

"आणि या पत्रातला निष्काळजीपणा काढा."

मी टेबलाखाली कुंदाचा हात दाबला. जिंकलो असंच मला वाटलं.

"त्याऐवजी लिहा," साहेब पुढे म्हणाले, "परस्पर संमतीने."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे काय, साहेब?"

साहेब माझ्याकडे न बघता बोलत होते. "राजहंसांनी हॉस्पिटलला सकाळीच कळवून टाकलंय, जबाबदार व्यक्तीला काढलं म्हणून. आता शब्द फिरवला तर ते पंप कधीच घेणार नाहीत. त्यांचं बघून बाकीचे घेणार नाहीत. या कारखान्यावर पुष्कळ घरं आहेत, विद्या."

"मग जबाबदार व्यक्तीलाच काढा ना! समोर बसलीय की!"

"राजहंसांशिवाय नाडी चालेल का? तू सांग. तू भाषा सांभाळतेस."

खरं उत्तर 'नाही' होतं. तेव्हा तरी नाही. साहेबांना ते माहीत होतं, म्हणूनच त्यांनी मला विचारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्या हातात द्यायला निघाले होते.

"आणि कुंदाशिवाय चालेल?" मी म्हणाले.

साहेबांनी राजहंस सरांपुढे पत्र सरकवलं. पत्र बदलून आलं, त्यांनी सही केली, कुंदासमोर ठेवलं. कुंदाने एकेक शब्द वाचला, तिच्या सवयीप्रमाणे पुन्हा वाचला आणि सही केली. जाताना तिने तिच्या खुर्चीवरची घरी शिवलेली उशी घेतली, डब्याची पिशवी घेतली. गेटपर्यंत मी सोबत गेले.

"ताई, परस्पर म्हणजे कुणाच्या संमतीने?" तिने विचारलं.

रिक्षा आली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजहंस सर माझ्या टेबलाशी आले. रात्री शांत झोप लागल्यासारखे ताजेतवाने. "अट छान बसलीय," म्हणाले. "आता तिचा संदेश तेवढा लिहून टाक. साधाच लिही. 'मापं जुळत नाहीत.' बस्स."

"संदेश नियम घालणाऱ्याने लिहायचा असतो, सर," मी म्हणाले. "रीत आहे."

मी पॅसेजमध्ये गेले आणि काळ्या पेनाने, शाळेतल्या बाई लिहितात तसं गोल, मोठं अक्षर काढून फळ्यावर लिहिलं:

'दोन वेगळी मापं एकत्र येत आहेत. आधी काय दळलं होतं ते विचारा. ही अट एकदा नाकारली गेली होती. कुंदा देवरे यांची नोकरी गेल्यावर ती घालण्यात आली.'

खाली माझी सही. मापं चुकली की प्रत्येक प्रोग्रामरच्या पडद्यावर हेच शब्द येणार होते, दर वेळी, पूर्णच्या पूर्ण.

चहाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या कारखान्याला कळलं. असेंब्लीतल्या मुली जिना चढून वाचायला आल्या. वॉचमन आला. साहेबही आले. हात मागे बांधून त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि लाल पेनाला हात न लावता गेले. फळ्याची रीत त्यांचीच होती.

राजहंस सर आले तेव्हा कॅन्टीनमधले चमचे वाजायचे थांबले. त्यांनी फळ्याखालच्या पट्टीवरचं लाल पेन उचललं, टोपण काढलं.

"विद्या, हे शोभत नाही. भाषेत असल्या गोष्टी नसतात."

"मग हरकत घ्या ना, सर. कारण लिहा, सही करा."

ते पेन धरून उभे राहिले. मी त्यांच्या जागी विचार करत होते, काय लिहितील? 'हे खोटं आहे'? आठ महिन्यांपूर्वीची लाल ओळ याच फळ्यावर सगळ्यांनी वाचली होती. 'हे खरं आहे पण लिहू नये'? त्याखाली सही कोण करेल? पेन फळ्याला टेकलं. एक लाल ठिपका उमटला. मग त्यांनी टोपण लावलं, पेन जागेवर ठेवलं आणि चहा न घेताच परत गेले.

आठवडा गेला. ठिपक्याच्या पुढे काही उमटलं नाही. संदेश नाडीत गेला.

आणि गंमत बघा. जुना कोड बहुतेक राजहंस सरांचा, त्यामुळे तो संदेश सर्वांत जास्त त्यांच्याच पडद्यावर यायला लागला. केबिनला काच होती. मी येताजाता बघायचे. ते एक ओळ दुरुस्त करायचे, चालवायचे, की पुन्हा कुंदा देवरे. हे सुख मी पुरेपूर घेतलं, खोटं सांगत नाही. घरी गेले की नवऱ्याला आकडा सांगायचे, आज सरांना किती वेळा आलं ते.

महिन्याभराने मी कुंदाला फोन केला. ती सटाण्याला माहेरी होती. नाशिकमध्ये चार ठिकाणी जाऊन आली होती. 'परस्पर संमतीने' या शब्दांचा खरा अर्थ काय असतो हे चारही ठिकाणच्या लोकांना न सांगता कळत होतं. मला मात्र माझी बातमी कधी एकदा सांगते असं झालं होतं. फळा, लाल पेन, तो ठिपका, सगळं मी तिला रंगवून सांगितलं. दळणाचं ऐकून ती हसली, पूर्वी हसायची तशी खुदकन.

"आधी काय दळलं होतं, असं खरंच येतं पडद्यावर?"

"येतं म्हणजे! आणि तुझं नाव. राजहंस सर दिवसातून दहादा वाचतात. वाचल्याशिवाय त्यांचं काम पुढेच सरकत नाही. असंच राहणार ते आता, नाडी आहे तोवर."

मला वाटलं लाइन गेली.

"कुंदा?"

"आहे, ताई. चांगलं केलंत तुम्ही. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नसतं." मग म्हणाली, "पण मला तिथं नाव नको होतं, ताई. मला तिथं खुर्ची पाहिजे होती."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"एक मिनिट धरा हं," ती म्हणाली. "गॅस बघून येते."

मी फोन धरून थांबले. तिला वेळ लागणार हे मला माहीत होतं. ती तीनदा बघूनच येणार होती.